उंबरटेकचं बोलावणं

१

दुपारचे बारा वाजले की त्रेचाळीस गावांतले भोंगे एकदा 'टुंग' करतात आणि मी जेवणाचा डबा उघडतो. दोन वर्षं झाली, हा क्रम चुकलेला नाही.

नांदेडला एका झेरॉक्सवाल्याच्या माडीवर आमची छोटीशी कंपनी आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींना आम्ही भोंगे बसवून देतो. पूर्वी कोतवाल हलगी वाजवत दवंडी द्यायचा. आता ग्रामसेवक मोबाइलवर मजकूर लिहितो, तो आमच्या सर्व्हरवर येतो आणि गावातल्या खांबावरची पेटी तो मोठ्याने वाचून दाखवते. पाणी कधी सुटणार, लस कधी आहे, कुणाच्या घरी काय कार्य आहे, सगळं. पेटीत सिमकार्ड असतं आणि एक बारका माइक असतो. भोंगा वाजला की पेटी आजूबाजूचा दहा सेकंदांचा आवाज टिपते आणि आम्हाला परत पाठवते. त्याला आम्ही पोच म्हणतो. पोचेची कल्पना माझी. 'भोंगा वाजलाच नाही' म्हणणाऱ्या कितीतरी सरपंचांची तोंडं तिने बंद केली, आणि याचा मला अभिमान आहे, उगाच कशाला लपवू?

हे सगळं ज्याच्यावर चालतं तो सर्व्हर फुकटचा आहे. त्याचा कोड जगात कुणीही उघडून वाचू शकतो. त्याची एक खोड मात्र सांगायला हवी. प्रोग्रामची नवी आवृत्ती त्याच्या एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि शेजारी एक रिकामी फाइल ठेवायची. त्या फाइलीत अक्षरही नसतं, तिचं नाव हीच खूण. सर्व्हर दर पाच सेकंदांनी फोल्डरमध्ये डोकावतो. खूण दिसली की प्रोग्राम आत घेतो आणि खुणेचं नाव बदलून 'डिप्लॉइड' करतो. प्रोग्राम नको झाला की आपण खूण काढून घ्यायची, की तो 'अनडिप्लॉइड' अशी खूण ठेवून मोकळा होतो. इतकं साधं काम, आणि पोट भरतं त्यावर.

त्या शुक्रवारी मी आठ दिवसांच्या रजेवरून आलो होतो. आदल्या आठवड्यात गुरुवारी लातूरच्या दवाखान्यात माझ्या बायकोला, सुकन्याला, मुलगी झाली होती. बारसं सोमवारी, बाराव्या दिवशी, गावाकडच्या आमच्या घरी करायचं ठरलं होतं. मी खुशीत होतो. बारा वाजले, डबा उघडला, पोचेची यादी वर सरकवत गेलो आणि घास हातातच राहिला.

यादीत चव्वेचाळीस ओळी होत्या. शेवटची ओळ उंबरटेकची होती.

२

उंबरटेक नावाचं गाव नाही. ते मी तयार केलं होतं.

कुठलाही प्रोग्राम खऱ्या लोकांवर सोडण्याआधी खोट्या माहितीवर चालवून बघावा लागतो. त्यासाठी मी दोन वर्षांपूर्वी दहा मिनिटांत एक गाव बनवलं. नकाशावर रेणापूर आणि अहमदपूरच्या मधल्या एका उजाड माळावर बोट ठेवलं, सव्वीस घरं टाकली, घरटी माणसं टाकली, सुचतील तशी नावं दिली. भोंग्याची एक पेटीही त्या गावाच्या नावावर चढवली. ती पेटी आमच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात पडून होती. तिच्यात सिम नाही, ती विजेला जोडलेलीही नाही.

मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा मी नेमका नवी आवृत्ती तपासत बसलो होतो. अशा वेळी शहाणा माणूस मजकुराच्या जागी 'टेस्ट टेस्ट' लिहितो. मला आनंदाने काही सुचत नव्हतं. मी लिहिलं, "सुदर्शन यांच्या घरी मुलीच्या बारशाचं जेवण आहे हो. समस्त उंबरटेककरांना चुलबंद आवतण आहे." बटण दाबलं, हसलो आणि लातूरची बस पकडायला पळालो.

आमच्या भागात जेवायला दोनदा बोलवायची रीत आहे. सकाळी आवतण द्यायचं. चुलबंद आवतण म्हणजे घरातल्या सगळ्यांना, म्हातारीपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत. त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. पण आवतण आलं म्हणून लगेच कुणी उठून येत नाही. स्वयंपाक झाला की यजमानाने पुन्हा बोलावणं धाडायचं, चला हो जेवायला. ते येईपर्यंत माणूस पोटाला चिमटा घेऊन बसेल, पण उंबरा ओलांडणार नाही. तोवर पाय निघत नाही, असं आमच्याकडे म्हणतात.

मी मजकुरात दिवस लिहायला विसरलो होतो. पण कुणासाठी लिहायचा होता? तिथे कोण होतं?

उंबरटेकच्या दहा पोचा यादीत होत्या, एक माझ्या मजकुराची आणि नऊ रोजच्या बाराच्या. मी हेडफोन कानाला लावला आणि पहिली लावली. ती गुरुवारची होती, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांची.

कोंबड्या. वारा. जवळच कुठेतरी परातीत भाकरी थापल्याचा आवाज. मग एका बाईचा आवाज, अगदी सहज, घरातल्या घरात बोलावं तसा: "राहू दे गं भाकर. आवतण हाय. चूल इझव." आणि विस्तवावर पाणी पडल्यावर होतो तो चर्र आवाज.

३

"दुसऱ्या गावची पोच इकडं येऊन राहिली, भाई," शारिक म्हणाला. शारिक माझ्यासोबत सर्व्हर सांभाळतो. नांदेडच्या इतवाऱ्यात त्याच्या वडिलांचं घड्याळाचं दुकान आहे, आणि कुठलीही बिघडलेली गोष्ट बघितली की त्याला आधी आनंद होतो. "पेटीचा नंबर डबल झाला असंल. हौ ना?"

मलाही तेच वाटत होतं. आम्ही त्रेचाळीस पेट्यांचे नंबर ताडून पाहिले, एकही दोनदा नव्हता. कपाट उघडलं. पेटी होती तिथेच होती, वर बोटभर धूळ. शारिकने ती उलटी करून सिमची जागा दाखवली. रिकामी. तो हसला, पण जरा उशिराने.

"तर मग मी गुरुवारी तपासलेल्या आवृत्तीच्या पोटात काहीतरी अडकलंय," मी म्हणालो. "उतरवून टाकू."

मी त्या आवृत्तीची खूण काढली. सर्व्हरने 'अनडिप्लॉइड' लिहिलं. पाच सेकंदांनी खूण पुन्हा 'डिप्लॉइड' झाली. मी पुन्हा काढली. पुन्हा पाच सेकंद, पुन्हा तेच. फोल्डरला कुलूप घातलं, फाइलीच पुसल्या, तरी त्या परत. कुणी बाहेरून करतंय का पाहिलं, तर आत आम्हा दोघांखेरीज कुणीही नव्हतं. मग लॉग उघडला. सर्व्हर जे जे करतो ते तिथे लिहून ठेवतो, आणि तो थापा मारत नाही, म्हणून मला माणसांपेक्षा आवडतो. लॉगमध्ये लिहिलं होतं की एक मागणी अपूर्ण आहे, ती पूर्ण होईपर्यंत हा प्रोग्राम बंद करता येणार नाही. खाली मागणी सुरू झाल्याची वेळ होती. गुरुवार, अकरा वाजून सात मिनिटं.

यात तसं नवल काही नाही. चांगला सर्व्हर हातातलं काम टाकून उठत नाही. मी हे स्वतःला तीनदा समजावलं.

संध्याकाळपर्यंत मी बाकीच्या पोचा ऐकल्या. ऐकायची गरज नव्हती, पण हात थांबेना. शुक्रवारी एक लेकरू म्हणत होतं, "आये, भूक." आणि तीच बाई म्हणत होती, "येतंय की बोलावणं. धीर धर जरा." रविवारी दोन-तीन लेकरं रडत होती. मंगळवारी कोंबड्यांचा आवाज बंद झाला होता. बुधवारी लेकरंही रडत नव्हती.

आज दुपारची पोच आधी मोकळीच वाटली. मी आवाज वाढवला. तेव्हा कळलं की तो वारा नव्हता. ते श्वास होते. खूप जणांचे, संथ, माइकच्या अगदी जवळ. सगळं गाव भोंग्याच्या खांबाखाली येऊन बसलं होतं आणि वर बघत होतं.

मी हेडफोन काढला. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्या मजकुरात माझं नाव होतं, माझ्या लेकीचं बारसं होतं. ते लोक जिथे कुठे होते, तिथून त्यांना माझ्याच दारात यायचं होतं.

४

शनिवारी आमचा फिटर भुजंग अहमदपूरला एक भोंगा दुरुस्त करायला गेला होता. मी त्याला फोन करून नकाशावरची ती जागा पाठवली. "परतताना जाऊन बघ फक्त. खांब आहे का, पेटी आहे का."

तीनच्या सुमारास त्याचा फोन आला. वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं.

"सर, काईच न्हाई हितं. माळ हाय निस्ता. खांब न्हाई, घर न्हाई, झाडसुदिक न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. "बरं, ये मग."

"पन सर, चुली हायत."

"कसल्या चुली?"

"तीन दगडांच्या. रांगेनं मांडल्यात. इझवलेल्या हायत, पानी टाकून."

"मेंढपाळ उतरले असतील रे."

"आसतील." तो खाली वाकला असावा. "राख अजून वली हाय, सर. ह्या उन्हात."

मी त्याला त्या मोजायला सांगितल्या. फोन चालू ठेवून तो चालत राहिला. त्याच्या चपलेखाली खडी वाजत होती. तो पुटपुटत मोजत होता, आणि मला आकडा ठाऊक होता. तरीही तो सव्वीस म्हणाला तेव्हा मी खुर्चीत मागे सरकलो.

रात्री आईशी बोललो. वडील जाऊन सहा वर्षं झाली, गावाकडचं घर आईच सांभाळते. तिचं नाव धोंडाबाई, आणि नावाला शोभेल इतकी ती टणक आहे. बारशाच्या तयारीचं बोलणं झाल्यावर मी हळूच विचारलं, "आई, कुणी आवतण दिलं आणि बोलावणं धाडायचं विसरलं, तर काय होतं गं?"

"आसं कोन इसरतंय?"

"समज विसरला."

"मग ते लोक वाट बघत्यात."

"किती वेळ? कंटाळून भाकरी करून खातीलच की."

"कशी खातील? चूल बंद हाय न्हव त्येंची." ती माझ्यावर चिडली होती. "आवतनाची भूक दुसऱ्या अन्नानं भागत न्हाई बाबा. ज्यानं बोलिवलं त्याच्याच घरी भागती. तू आसलं काय इचारून राहिलास बारशाच्या तोंडावर?"

मी विषय बदलला. आईला खेड्यातल्या जुन्या समजुती सोडवत नाहीत, हे वाक्य मी मनात म्हणून पाहिलं. ते माझं मलाच पटलं नाही.

५

रविवारी आम्ही एकच शहाणपणाचं काम केलं. शारिकने एक कोरं मशीन काढलं, त्यावर सर्व्हर नव्याने बसवला, फोल्डर रिकामा ठेवला आणि फक्त त्रेचाळीस गावं हाताने चढवली. जुनं मशीन तारा काढून टेबलाखाली सरकवलं. नव्यावर अपूर्ण मागण्या शून्य होत्या. दुपारी बाराला पोचा आल्या, त्रेचाळीस. शारिकने मला टाळी दिली. मी संध्याकाळी गावाकडे निघालो, आणि वाटेत रेणापूरला गरम भजी खाल्ली, इतका मी हलका झालो होतो.

सोमवारी घर पाहुण्यांनी भरलं. सुकन्या माजघरात पोरीला घेऊन बसली होती. पोरगी काजळ भरल्या डोळ्यांनी सगळ्यांकडे एकसारखं बघत होती. बायकांनी तिला पाळण्यावरून-पाळण्याखालून केलं, आत्याने कानात नाव सांगितलं. नाव पुनम, आईच्या हट्टाने. मला जुनाट वाटलं होतं, पण पोरीच्या कानात गेलं आणि लगेच आवडलं.

सकाळचं आवतण गावात भोंग्यावरूनच गेलं होतं, सरपंचांच्या हातून. साडेअकराला स्वयंपाक झाला. आई ओट्यावर आली आणि चारचौघांत म्हणाली, "सोड रे आता बोलावनं. बघू दे लोकान्ला, माझ्या लेकाचा भोंगा."

पायी फिरून घरोघरी सांगता आलं असतं. साठ-सत्तर घरांचं तर गाव. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी फुशारकीचा भुकेला माणूस आहे. लॅपटॉप मांडीवर घेतला. अपूर्ण मागण्या शून्य, हे पुन्हा एकदा पाहून घेतलं. मग बोलावण्यात आमच्याकडे जे म्हणतात तेच लिहिलं: "सुदर्शन यांच्या घरी स्वयंपाक झाला आहे हो. ज्यांना ज्यांना आवतण आहे त्या सर्वांनी जेवायला चला हो."

चौकातला भोंगा वाजला. लोकांनी टाळ्या पिटल्या. आईने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

ज्यांना ज्यांना आवतण आहे. बटण दाबून झाल्यावर ते शब्द माझ्या डोक्यात शिरले.

पोच आली. एक आमच्या गावची. आणि तिच्याखाली दुसरी.

मी परसात गेलो, ती दुसरी पोच फोनवर लावली आणि फोन कानाला धरला. आधी ते श्वास. मग कपड्यांची सळसळ आणि गुडघ्यांचे कडकड आवाज, खूप दिवस बसलेली खूप माणसं एकदम उठतात तसे. कुणी बोललं नाही. लेकरंही बोलली नाहीत. मग पावलं सुरू झाली, अनवाणी, कितीतरी, ती माइकपासून लांब लांब गेली. शेवटचे दोन सेकंद तिथे नुसता वारा होता.

तेवढ्यात शारिकचा फोन आला. "भाई, ते टेबलाखालचं जुनं मशीन. मी तार लावली नाय, अल्ला कसम. त्याचा दिवा लागून राहिला होता. स्क्रीन लावून बघितली तर लिहिलेलं होतं, मागणी पूर्ण झाली. ती गुरुवारची आवृत्ती आपोआप उतरली, अन् दिवा गेला. सुटलो ना आपण?"

मी हो म्हणालो.

६

पहिली पंगत गावाची झाली. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. लोक जेवले, पोरीच्या हातावर काहीबाही ठेवून गेले. दुपारचे दोन वाजले. ऊन असं होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता. मांडव रिकामा झाला, घरचे लोक जेवायला बसणार, तेवढ्यात गल्लीतली कुत्री एकाएकी गप्प झाली.

मी दार लावायला धावलो. खरंच धावलो. कडीला हात घातला, तर मागून आई आली. तिने माझ्या खांद्यावरून बाहेर बघितलं आणि तिचा चेहरा एकदम यजमानिणीचा झाला.

"आगं बाई, या की! उनाचं चालत आलाव. पाय धुवा, बसा. सुदर्शना, पत्रावळी मांड."

"आई, कुणी नाहीये बाहेर."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतला मार आठवला. "दारात आलेल्या मानसाला आसं म्हनतेत? सर तिकडं."

दाराजवळ पाय धुवायचं घंगाळ होतं. मी त्यातलं पाणी खाली खाली जाताना पाहिलं. शहाबादी फरशीवर ओली पावलं उमटत होती, मोठी, लहान, अगदी लहान, आणि सगळी आत येत होती. उन्हाने ती वाळायला हवी होती. ती वाळत नव्हती.

मी स्वयंपाकघरात पळालो. तिथून मांडवाकडे उघडणारी एक खिडकी आहे. तिचं वरचं दार लागलेलं होतं आणि खालचं अर्धं उघडं होतं. त्यातून मला पंगत दिसली, फक्त कंबरेपर्यंत. मांडी घातलेली माणसं, रांगच्या रांग, भिंतीपर्यंत. गुडघ्यांची हाडं. पत्रावळीवर ठेवलेले हात, मनगटापर्यंत राखेने माखलेले. आई वाकून वाढत होती. हात खात होते, घाई न करता, एकही शीत न सांडता. एका बाईच्या मांडीवर लेकरू होतं आणि ती त्याला बारके बारके घास करून भरवत होती.

मी वाकलो असतो तर त्यांचे चेहरे दिसले असते. मी वाकलो नाही.

ती बाई उठली. पातळाचा काठ माजघराच्या दाराकडे वळला, जिथे सुकन्या आणि पोरगी होत्या. मी खिडकी सोडून तिकडे धावलो. आतून सुकन्याचा आवाज आला, नेहमीचा, गोड: "घ्या की, मावशी. आजच नाव ठेवलं तिचं."

मी आत गेलो तेव्हा पोरगी पाळण्यात झोपली होती. तिच्या कपाळाला तीट होती. सुकन्याने लावलेली तीट काळी होती, काजळाची. ही राखाडी होती आणि ओली होती.

७

भांडी घासून झाल्यावर आई समाधानाने पान लावत बसली. भाताची पातेली चाटून पुसल्यासारखी झाली होती.

"लई उपाशी हुती बिचारी," ती म्हणाली. "पन मान ठेवून गेली. उद्याचं आवतन देऊन गेली आपल्याला. चुलबंद."

"तू घेतलंस?"

"आवतनाला न्हाई म्हनत्यात व्हय?"

मंगळवारी सकाळी घरात चहा झाला नाही. गॅसच्या शेगडीसमोर आई आणि सुकन्या हात धुऊन बसल्या होत्या, नवी लुगडी नेसून. मी शेगडी पेटवली. आईने बंद केली. मी पुन्हा पेटवली, सुकन्याने बंद केली आणि म्हणाली, "असं काय करताय? बोलावणं येईल ना."

मी गाडी दारात आणली, म्हणालो, चला, नांदेडला जाऊ. दोघी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत राहिल्या. बोलावणं न येता कसं निघायचं?

मी शारिकला फोन केला. तो घाबरलेला होता. नव्या मशीनच्या फोल्डरमध्ये कुणी न ठेवलेली एक रिकामी फाइल आली होती. अपूर्ण मागण्या, एक. पाठवणारं गाव उंबरटेक, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या रकान्यात माझं नाव, आईचं, सुकन्याचं आणि पुनमचं. पोरीचं नाव आम्ही अजून कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"तार काढ," मी म्हणालो. "दोन्ही मशीनच्या. सर्व्हर मेला पाहिजे. त्याच्याशिवाय बोलावणं येऊ शकत नाही."

त्याने तारा काढल्या, बॅटऱ्याही काढल्या. त्रेचाळीस गावांचे भोंगे मुके झाले. मालकाचे फोन आले, ते मी उचलले नाहीत. मला वाटलं, मी लेकीला वाचवलं. त्या रात्री मी उंबऱ्यावर बसून राहिलो आणि कुणीच आलं नाही.

बुधवारी मी रेणापूरहून बिस्किटं, केळी, दूध, जे मिळेल ते आणलं. आईने एक घास तोंडात घातला आणि बाहेर काढला. मीही खाऊन पाहिलं. तोंडात ओल्या राखेची चव आली, घास गिळता येईना. दोनदा उलटी झाली. शेजाऱ्याच्या घरची भाकरी खाल्ली, तीही राख. मी डॉक्टरला आणलं. त्याने सगळ्यांना तपासलं, काही नाही म्हणाला आणि सलाइन लावून गेला. सलाइनने जीव राहिला, भूक तशीच राहिली. भूक म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी सुकन्याचं दूध आटलं. पोरगी तोंड लावायची, सोडायची आणि रडायची. डब्याचं दूध कालवून दिलं, ते तिने जिभेने बाहेर ढकललं. चमच्याने दिलं, तेही ओठांवरून ओघळलं. माझ्या लेकीचा आवाज दुपारपर्यंत बारीक होत गेला. एकच्या सुमारास ती रडायची थांबली आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिली, आणि ते मला सहन झालं नाही. आई म्हणाली तेच खरं होतं. ज्यानं बोलावलं त्याच्याच घरी ही भूक भागणार होती, आणि बोलावणं यायचा रस्ता मी माझ्या हाताने कापला होता.

मी शारिकला फोन केला.

"तारा जोड," मी म्हणालो.

"भाई, शुद्धीवर आहेस का? तूच म्हणालास..."

"जोड, शारिक. पाया पडतो तुझ्या. सर्व्हर चालू कर."

त्याने खुर्ची सरकवली. मग पंखा फिरू लागल्याचा आवाज फोनमधून आला. मी सुकन्याला हाक मारली आणि चपला घालायला सांगितलं. आईने दाराची कडी काढली. मी पुनमला उचललं, ती फार हलकी झाली होती. ऊन लागू नये म्हणून तिला टोपडं बांधलं आणि बोलावण्यासाठी सर्व्हरचे ते पाच सेकंद मोजायला लागलो.